गावाचे काम, गावासमोर निवड

प्रस्तावना

ग्रामपंचायतीची निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते, पण तिची चर्चा आधी सहा महिने आणि नंतर वर्षभर चालते. कोणत्या वॉर्डात कोण उभे आहे, कोणाच्या पाठीशी कोणती भावकी आहे, हे शाळकरी पोरांनाही पाठ असते. त्याच गावात आठ-दहा समित्या असतात. त्यांवर कोण बसले आहे, ते कसे आले आणि त्यांची मुदत कधी संपते, हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. या पुस्तिकेचा विषय त्या समित्या आहेत. विनामोबदला गावाचे काम करणारी माणसे त्यांवर नेमताना ती निवड न्यायाने आणि सर्वांसमोर कशी व्हावी, एवढाच प्रश्न तिने हाती घेतला आहे.

मंचरजवळचे आमचे अवसरी खुर्द हे आंबेगाव तालुक्यातले मोठे गाव. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन येथे आहेत. बटाटा, कांदा आणि ऊस करणारा शेतकरी येथे आहे. गावठाणापासून दूर मळ्यांत आणि वस्त्यांवर राहणारी घरे आहेत, तशी शेतमजुरीवर जगणारीही आहेत. अशा गावात एखादी बातमी गावठाणातल्या पाराशी पोहोचली म्हणजे ती सगळ्या गावाला कळली असे होत नाही. म्हणून हा प्रश्न येथूनच मांडावासा वाटला. जुन्नर-आंबेगावच्या इतर गावांनाही तो तितकाच लागू आहे.

आधी या समित्यांच्या हातात काय असते ते पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा, अनुदानाचा विनियोग, शिक्षकांची हजेरी, पोरांच्या ताटातला पोषण आहार, या सगळ्यावर तिने लक्ष ठेवायचे असते. गावाची आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी तिच्यासाठी ठरवलेला आहे. २०१९ च्या जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाणी समितीत १० ते १५ सदस्य, निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल घटकांना वाटा हवा. नळयोजनेचा आराखडा, पाणीपट्टी आणि देखभाल ही तिची कामे. रेशनच्या धान्यावर नजर ठेवायला २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दक्षता समिती दिली. गावातले तंटे गावात मिटावेत म्हणून १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि तंटामुक्ती समित्या उभ्या राहिल्या. शिवाय जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, ग्रामविकास समिती आहे, आणि जत्रा व देवस्थान यांची व्यवस्था पाहणारी मंडळेही आहेत.

या यादीतले एकही काम दिखाऊ नाही. पोराच्या ताटातली डाळ पातळ असेल तर मुख्याध्यापकांना विचारण्याचा अधिकार समितीला आहे. वस्तीवरच्या नळाला पाणी येत नसेल तर तो विषय पाणी समितीच्या बैठकीत यायला हवा. बांधाचे भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जायचे की गावातच मिटायचे, यात तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाच्या शब्दाला वजन असते. तरीही या जागा कशा भरल्या जातात? गावागावांत दिसणारी रीत साधारण अशी आहे. ग्रामसभेचे मुख्य विषय संपलेले असतात आणि उन्हाचा तडाखा वाढलेला असतो. मग आयत्या वेळच्या विषयांत समितीचे नाव पुकारले जाते. पुढच्या रांगेतला कोणी दोन-चार नावे सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो आणि ठराव होतो. ज्यांची नावे घेतली त्यांतले काही सभेत हजरही नसतात. बायकांच्या जागा भरताना तर नाव बाईचे आणि होकार घरच्या पुरुषाचा, असेही घडते. पुढे इतिवृत्तावर सह्या होतात आणि दोन वर्षांनी तीच यादी एखाद-दुसरे नाव बदलून पुन्हा येते.

यात कोणी मुद्दाम वाईट वागते असे नाही. गावात ओळखीनेच कामे होतात आणि चटकन धावून येणारी माणसे ठरलेली असतात. त्यांतली पुष्कळ खरोखर कामाची असतात. पण या रीतीच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती तपासायला हवी. ‘पगार नाही, मानधन नाही, वर स्वतःच्या खिशातले पेट्रोल जाळायचे, मग निवडीची एवढी चौकशी कशाला?’ असे सहज म्हटले जाते. या प्रस्तावनेत मला जे सांगायचे आहे ते नेमके याच्या उलट आहे. पद बिनपगारी असते तेव्हाच निवड सर्वांत जास्त उघड हवी. पगारी माणसाला नियम असतात, वरिष्ठ असतात, बदली असते, चौकशी असते. बिनपगारी माणसाजवळ फक्त गावाचा विश्वास असतो. तो विश्वास ज्या रीतीने दिला गेला ती रीतच झाकलेली असेल, तर त्याच्याजवळ उभे राहायला जागा उरत नाही. उद्या त्याने प्रामाणिकपणे एखाद्याला नाही म्हटले की, ‘याला नेमला कोणी?’ हा प्रश्न त्याच्या तोंडावर येतो. उघड निवड ही लायक स्वयंसेवकाची पहिली ढाल आहे.

आपल्या प्रांताला हा विचार परका नाही. शिवकाळापासून पेशवाईपर्यंत गावच्या वतनांचे आणि हद्दींचे वाद गोतसभेपुढे चालत. निवाड्याचा जो महजर लिहिला जाई, त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या उठत. पाटलाचा नांगर असे आणि बलुतेदार आपापल्या कामाच्या हत्यारांचे चित्र काढत. निर्णयाला कोण साक्षी होते हे कागदावर राहिले पाहिजे, ही जाण त्यात होती. त्या व्यवस्थेत अधिकार मात्र जन्माने मिळे. पाटीलकी आणि कुलकर्णीपण वंशपरंपरेने चाले आणि दुसऱ्या कोणाला त्या दारातून आत येता येत नसे. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. आज पोलीस पाटील नेमतानाही जाहिरात निघते, लेखी परीक्षा होते आणि मुलाखत होते. वंशपरंपरेपासून जाहीर परीक्षेपर्यंत एवढा प्रवास एका पदाने केला. समित्यांच्या जागाही त्याच वाटेने पुढे जायला हव्यात.

त्याहून जुना दाखला तमिळनाडूतल्या उत्तरमेरूर गावच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेला आहे. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, इसवी सन ९१९ आणि ९२१ च्या सुमाराचे हे लेख गावच्या समित्या कशा नेमायच्या ते सांगतात. गावाचे ३० भाग पाडले होते. प्रत्येक भागातून पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हाताने सर्वांसमोर एक चिठ्ठी काढायची. अशा निवडलेल्या माणसांतून १२ जणांची वार्षिक समिती, १२ जणांची बागांची समिती आणि ६ जणांची तलावाची समिती बने. मुदत ३६० दिवसांची होती. मागच्या तीन वर्षांत समितीवर राहिलेल्याचे नाव मडक्यात पडत नसे. ज्याने मागच्या खेपेचा हिशेब दिला नाही तो बाद होई आणि त्याच्यासोबत त्याचे जवळचे नातेवाईकही बाद होत. वय, जमीन, स्वतःचे घर आणि विद्या यांच्या अटी मात्र अशा होत्या की जमीनदार ब्राह्मण पुरुषांखेरीज कोणाला त्या मडक्यात जागा नव्हती. ते दार आज आपल्याला चालणार नाही. तरी मुदत, विश्रांती, हिशेब आणि नातेवाइकांची बंदी हे चारही नियम अकराशे वर्षांपूर्वी गावपातळीवर लिहून ठेवले होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आपण आजही अशीच सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून काढतो आणि तिच्यावर सहसा कोणी शंका घेत नाही.

नेमलेला माणूस कसा असावा याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. १८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते मतदानाने निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीसाठी शहराची सजावट करायला एक हजार रुपये खर्च करायचा विषय आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. नेमणारा कोणीही असो, नेमलेला माणूस लोकांचा असतो, हे त्यांनी सभागृहात बसून दाखवले. आपल्या समित्यांवर असे बोलणारे एक तरी माणूस पोहोचावे, एवढीच उघड निवडीकडून अपेक्षा आहे.

कायद्याने आपल्या हातात पुष्कळ दिले आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी स्त्रियांची सभा घ्यायची असते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर आपल्या विषयावर थेट बोलतो. त्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली मंडळे, परिषदा आणि समित्या यांची यादी स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत की नाहीत आणि इतिवृत्त पाहायला मिळते की नाही, हेही सांगायचे आहे. म्हणजे समित्यांची यादी मिळावी म्हणून अर्ज करण्याचीही गरज पडायला नको. ती भिंतीवर असायला हवी.

मग अडते कुठे? पहिली अडचण गणपूर्तीची आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे मूठभरांच्या सभेत आख्ख्या गावाच्या समित्या ठरू शकतात. सभेची वेळ सकाळी अकराची असेल, तर बटाट्याच्या काढणीवर गेलेली बाई तिथे असणार नाही, आणि ऊसतोडीच्या फडातला माणूसही असणार नाही. दुसरी अडचण घाईची आहे. वरून मुदत येते आणि कागद पुरा करायचा म्हणून समिती बनते. जैवविविधता समित्यांचे असेच झाले. कायदा २००२ चा, पण राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली तेव्हा देशभर धावपळ उडाली. गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी रानभाज्या ओळखणारी म्हातारी, बियाणे जपणारा शेतकरी, गुरे चारणारा माणूस शोधायला वेळ लागतो. मुदतीच्या आत यादी पुरी करायची असेल, तर हाताशी असलेली नावेच लिहिली जातात.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. नेमण्याचा अधिकार एका हातात आला की ‘योग्य व्यक्ती’ या शब्दांचा अर्थ तो हात ठरवतो. महाराष्ट्राने हे २०२० मध्ये फार मोठ्या प्रमाणावर पाहिले. कोरोनामुळे निवडणुका लांबल्या आणि राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या मुदती संपल्या किंवा संपत आल्या. जूनमध्ये अध्यादेश निघाला आणि जुलैमध्ये शासननिर्णय आला. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतीवर प्रशासक म्हणून योग्य व्यक्तीची नेमणूक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने करावी, असे ठरले. योग्य म्हणजे कोण याचा निकष त्यात नव्हता आणि गावाला विचारण्याची पायरीही नव्हती. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितले की, शक्यतो शासकीय किंवा स्थानिक संस्थेचा अधिकारीच प्रशासक असावा आणि खासगी व्यक्ती नेमायची झाली तर तिची कारणे लिहून ठेवावीत. पुढे १५ जानेवारी २०२१ रोजी या ग्रामपंचायतींचे मतदान झाले आणि तो प्रश्न मागे पडला. त्या आदेशातले एक तत्त्व मात्र आपल्या प्रत्येक समितीला लागू करावे असे आहे. अमुक माणूस का नेमला, याचे कारण कागदावर असले पाहिजे.

देवस्थानांच्या विश्वस्तांबाबतही हेच दिसते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानावर शासनाने नेमलेली व्यवस्थापन समिती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द ठरवली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात जेजुरीच्या श्री मार्तंड देवसंस्थानावर सात नवे विश्वस्त नेमले गेले आणि त्यांत बहुतेक बाहेरगावचे असल्यामुळे गाव रस्त्यावर उतरले. आंदोलनानंतर विश्वस्तांची संख्या वाढवून स्थानिकांना जागा देण्याचा मार्ग निघाला. खंडोबाच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या जेजुरीकरांना आपल्या देवळाच्या व्यवस्थेत आपण कुठे आहोत हे विचारावे लागले, याचे दुःख समजण्यासारखे आहे. निर्णय कायद्यात बसतो की नाही हा एक प्रश्न झाला. ज्यांच्यासाठी तो घेतला त्यांना तो आपला वाटतो की नाही, हा दुसरा. उघड निवडीला दोन्ही प्रश्नांचे उत्तर द्यावे लागते.

जगातही हा विचार स्थिरावायला वेळ लागला. ब्रिटनमध्ये सार्वजनिक मंडळांवरच्या नेमणुका ओळखीपाळखीने होतात अशीही ओरड होत असताना १९९४ मध्ये लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९५ च्या तिच्या पहिल्या अहवालात सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे सांगितली होती. निःस्वार्थीपणा, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व ही ती सात. त्याच वर्षी अशा नेमणुकांवर देखरेख करणारे स्वतंत्र आयुक्तपदही तेथे निर्माण झाले. आपल्या गावाला आयुक्त नको आहे. आपल्याकडे ग्रामसभा आहे आणि ती त्याहून जवळची आहे. फक्त तिला वेळेवर आणि पुरती माहिती मिळाली पाहिजे.

ती कशी मिळेल, यासाठी ही पुस्तिका पाच गोष्टी सुचवते. पहिली, घोषणा. समितीवर जागा रिकामी आहे, काम काय आहे, महिन्याला किती वेळ द्यावा लागेल आणि मुदत किती आहे, हे ग्रामसभेच्या नोटिशीतच छापावे. आयत्या वेळच्या विषयांत समितीची निवड कधीही घेऊ नये. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतेच. ती प्रत्येक वस्तीवर, शाळेत, अंगणवाडीत, दूध संकलन केंद्रावर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही जावी. जिथे फोन पोहोचत नाही तिथे दवंडी पोहोचावी.

दुसरी गोष्ट निकषांची. पाणी समितीला नळाच्या शेवटच्या टोकाला राहणारे घर हवे, कारण पाणी कमी पडले की पहिला फटका त्यालाच बसतो. हा विचार राज्याच्या २००५ च्या सिंचन कायद्यात आहेच. पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातल्या शेतकऱ्यांना समान जागा ठेवल्या आहेत. डिंभे धरणाच्या कालव्यांवर शेती करणाऱ्या आमच्या भागाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. त्याच न्यायाने दक्षता समितीत रेशन घेणारे कुटुंब हवे आणि आरोग्य समितीत नुकतीच बाळंत झालेली किंवा लहान मूल असलेली आई हवी. शिक्षण किती झाले यापेक्षा त्या कामाशी रोजचा संबंध किती आहे, याला जास्त महत्त्व द्यावे.

तिसरी गोष्ट हितसंबंध सांगण्याची. ग्रामपंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा वाटा आहे त्याला कायदा सदस्य राहू देत नाही. समितीवर येणाऱ्यानेही तेच स्वतःहून सांगावे. नळयोजनेचा ठेका भावाकडे असेल, शालेय आहाराचे धान्य मेहुणा पुरवत असेल, तर तसे सभेत उभे राहून सांगावे आणि त्या विषयाच्या वेळी बाजूला बसावे. गावात नातीगोती सगळ्यांना ठाऊक असतात, मग सांगायचे कशाला, असे वाटेल. पण ठाऊक असणे आणि कागदावर असणे यांत फरक आहे. कागदावर आलेली गोष्ट कुजबुजीत वाढत नाही.

चौथी गोष्ट मुदतीची आणि विश्रांतीची. एका माणसाकडे एका वेळी एकच समिती, सलग दोन मुदतींनंतर एका मुदतीची विश्रांती, आणि मुदत संपण्याआधी ग्रामसभेत हिशेब. हिशेब म्हणजे फक्त पैशांचा नव्हे. किती बैठका झाल्या, कोण किती वेळा हजर राहिले, कोणता ठराव झाला आणि त्याचे पुढे काय झाले, हे एका पानात वाचून दाखवता येते. पाचवी गोष्ट नोंदीची. किती नावे आली, कोणाची निवड झाली आणि का झाली, हे इतिवृत्तात दोन ओळींत लिहावे. इच्छुक जास्त आणि सगळे सारखेच लायक असतील, तर सर्वांसमोर चिठ्ठी टाकावी. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांची नावे पुढच्या वेळेसाठी जपून ठेवावीत. आज आपणहून पुढे आलेला माणूस नाराज होऊन परत गेला, तर गावाची ठेव बुडाली असे समजावे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला असा की माणसेच मिळत नाहीत. ‘नाव दे म्हटले तर पळतात, आणि तुम्ही अर्ज मागवा म्हणता!’ हे खरे आहे, पण अर्धे खरे आहे. ज्याला जागा आहे हे कळलेच नाही तो पुढे कसा येणार? निवृत्त शिक्षक, परिचारिका राहिलेल्या ताई, बारावीनंतर शेती पाहणारा तरुण, बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी बाई, अशी माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते. अनेक समित्यांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या भरताना नाव सुचवण्याआधी त्या बाईला स्वतः विचारावे आणि तिचा होकार तिच्या तोंडून ऐकावा. बैठक संध्याकाळी ठेवावी, मळ्यातून येणाऱ्यांची सोय पाहावी. एवढे केले तर अर्जांची संख्या वाढेल असा माझा विश्वास आहे.

दुसरा आक्षेप असा की उघड निवडीने भांडणे वाढतात, त्यापेक्षा चार जणांनी बसून एकमताने ठरवावे. एकमताचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीनेच निर्णय घेण्याची शिस्त वर्षानुवर्षे पाळली आहे. पण त्या सहमतीआधी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते, बायका बोलतात, आणि एकाचा विरोध असला तरी त्याला समजून घेण्यासाठी थांबतात. याचे उलट टोक २०२१ च्या जानेवारीत दिसले. नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी येथे सरपंचपदासाठी बोली लागल्याचे पुढे आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तेथील ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. बोलीचा पैसा देवळासाठी होता, गावाचे भले व्हावे असेच पुष्कळांना वाटत होते. तरी ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला त्या एकमतात जागा नव्हती. विरोध करण्याची मोकळीक असताना झालेले एकमत गावाला बांधते. विरोध करायची सोयच नसेल, तर तो फक्त गप्प बसण्याचा ठराव होतो.

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे अशा क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने वाडी-पाड्याच्या स्वतंत्र ग्रामसभेला मान्यता मिळते आणि २०१४ च्या राज्य नियमांनी तिच्या हाती कोष समिती, शांतता समिती अशी साधने दिली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यातली वनहक्क समितीही ग्रामसभाच निवडते. हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्यांवर सभा लहान असते आणि सगळे एकमेकांसमोर बसतात. पूर्व भागातल्या आमच्या मोठ्या गावांनी त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी. आधी वस्तीवार बैठक घ्यावी, तिथे नावे यावीत आणि मग ती मोठ्या ग्रामसभेत मांडावीत. त्यामुळे मळ्यातल्या माणसाचे नाव गावठाणातल्या माणसाने सुचवण्याची वाट पाहत बसावे लागणार नाही.

या पुस्तिकेची रचना वापरण्याच्या सोयीने केली आहे. पहिल्या भागात प्रत्येक समितीचा कायदा, सदस्यसंख्या, मुदत आणि कामे दिली आहेत. दुसऱ्या भागात नोटिशीचा, इच्छापत्राचा आणि हितसंबंध जाहीर करण्याच्या निवेदनाचा नमुना आहे. तिन्ही एकेका पानाचे आहेत, कारण लांब अर्ज हाही माणसाला दारातूनच परत पाठवतो. तिसऱ्या भागात निवडीच्या दिवशी सभा कशी चालवावी आणि इतिवृत्त कसे लिहावे, याची पायरीपायरीने मांडणी आहे. सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक, आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या हाती ती असावीच. पण जो कधीच कोणत्या समितीवर नव्हता त्याच्यासाठी ती आधी लिहिली आहे.

वर्षानुवर्षे समित्यांवर राबलेल्या माणसांबद्दल येथे कृतज्ञता व्यक्त करणे माझे कर्तव्य आहे. दुष्काळात टँकरच्या पाळ्या लावणारे, शाळेचे छत गळते म्हणून पंचायत समितीत खेटे घालणारे, रात्री-अपरात्री दोन भावांना समोरासमोर बसवून तंटा मिटवणारे लोक या परिसरात होते आणि आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांच्या वाट्याला आभाराऐवजी संशय आला. निवडीची रीत उघड असती तर तो संशय त्यांना सोसावा लागला नसता. त्यांच्या कामाचा मान राखायचा असेल तर त्यांच्यामागून येणाऱ्यांची निवड स्वच्छ करावी.

वाचकांना एकच विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागेल तेव्हा ती वाचा. त्यात समितीची निवड असेल तर आपल्या वस्तीवर सांगा आणि इच्छा असेल तर आपले नाव द्या. निवड नोटिशीत नसेल आणि आयत्या वेळी आली, तर उभे राहून शांतपणे सांगा की हा विषय पुढच्या सभेच्या नोटिशीत घ्यावा आणि माझे म्हणणे इतिवृत्तात लिहावे. हे बोलायला पद लागत नाही. मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला तो अधिकार आहे, आणि एका गावाने तो एकदा वापरला की शेजारच्या गावाला तो वापरणे सोपे जाईल.

अवसरी खुर्द, ता. आंबेगाव, जि. पुणे